व्हर्जिनियाला दोन, डेलावेअरलाही दोनच

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत राहते. तिच्याकडून कळले की अमेरिकेच्या सिनेटमध्ये राज्य केवढेही असो, त्याचे सदस्य दोनच. कॅलिफोर्नियाचे दोन आणि वायोमिंगचेही दोन. मोठ्या राज्यांनी ही बरोबरी मान्य तरी कशी केली?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : खुशीने केली नाही. १६ जुलै १७८७ रोजी फिलाडेल्फियाच्या परिषदेत ह्या प्रश्नावर शेवटचे मतदान झाले, तेव्हा पाच राज्ये बाजूने होती आणि चार विरुद्ध. मॅसॅच्युसेट्सचे चार प्रतिनिधी दोन-दोन असे फुटले, त्यामुळे त्या राज्याचे मत कोणाच्याच पारड्यात पडले नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेतला बहुधा सगळ्यांत टिकाऊ नियम एवढ्या काठावर मंजूर झाला. पाठ्यपुस्तकांत त्याला ‘महान तडजोड’ म्हणतात. त्या दिवसांची टिपणे वाचली की मात्र समंजसपणापेक्षा थकवा, भीती आणि योगायोग हेच जास्त दिसतात.

आधी भांडण कशाचे होते ते पाहू. १७७४ साली बारा वसाहतींचे प्रतिनिधी पहिल्यांदा एकत्र बसले, तेव्हा प्रत्येक वसाहतीला एक मत असे ठरले. कोणाची लोकसंख्या किती, कोणाची संपत्ती किती, हे मोजायला त्यांच्याजवळ साधनच नव्हते. म्हणून ती तात्पुरती सोय होती. पण सोय रुळली, आणि १७८१ साली अमलात आलेल्या पहिल्या संघराज्याच्या करारात ती कायम झाली. ह्या करारातले केंद्र दुबळे होते. त्याला कर बसवता येत नव्हता, आणि करारात बदल करायचा तर तेराही राज्यांचा होकार लागायचा. आयात मालावर थोडी जकात बसवून युद्धाचे कर्ज फेडावे, हा साधा प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडने १७८२ मध्ये अडवून धरला. देशाचे सगळ्यांत चिमुकले राज्य एका नकाराने सगळ्यांना थांबवू शकते, ही ठसठस घेऊनच मोठ्या राज्यांचे लोक मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियात आले. ऱ्होड आयलंडने त्या परिषदेला माणूसच पाठवला नाही.

२९ मे रोजी व्हर्जिनियाचा गव्हर्नर एडमंड रँडॉल्फ याने एक आराखडा मांडला. त्यामागचे डोके मुख्यतः जेम्स मॅडिसनचे होते. दोन सभागृहे असावीत, आणि दोन्हींतल्या जागा लोकसंख्येच्या किंवा केंद्राला दिल्या जाणाऱ्या पैशाच्या प्रमाणात वाटाव्यात, असे त्यात होते. दुसऱ्याच दिवशी डेलावेअरचा जॉर्ज रीड उभा राहिला. समान मताचा हक्क सोडायचा नाही, अशी आमच्या विधिमंडळाची लेखी आज्ञा आहे, तो मोडायचे ठरवलेत तर आम्हाला कदाचित परिषद सोडून जावे लागेल, असे त्याने सांगितले. तीन वर्षांनी, १७९० साली पहिली जनगणना झाली. तिच्यात व्हर्जिनियाची लोकसंख्या सुमारे ७ लाख ४७ हजार भरली आणि डेलावेअरची ५९ हजार. म्हणजे जवळजवळ तेरा पट. आराखडा मंजूर झाला असता तर डेलावेअरचा आवाज दोन्ही सभागृहांत कोणाला ऐकूच गेला नसता.

दोन्ही बाजूंकडे खरा मुद्दा होता, आणि म्हणूनच हा वाद मला मोलाचा वाटतो. न्यू जर्सीचा विल्यम पॅटरसन विचारत होता की श्रीमंत माणसाला गरिबापेक्षा जास्त मते द्यायची नाहीत, तर मग मोठ्या राज्याला लहानापेक्षा जास्त का द्यायची? पेनसिल्व्हेनियाचा जेम्स विल्सन उलट विचारत होता की न्यू जर्सीच्या पन्नास माणसांची बरोबरी करायला आमची दीडशे माणसे का लागावीत? पॅटरसन राज्ये मोजत होता, विल्सन माणसे. मॅडिसनने समजूत घालण्याचा प्रयत्न केला. मॅसॅच्युसेट्सचा धंदा मासळीचा, पेनसिल्व्हेनियाचा पिठाचा, व्हर्जिनियाचा तंबाखूचा. ही तीन मोठी राज्ये एकत्र येऊन लहानांना गिळतील कशासाठी, असे त्याचे म्हणणे होते. युक्तिवाद चोख होता. लहान राज्यांवर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही. न्यू जर्सीच्याच डेव्हिड ब्रेअर्लीने तर सुचवले की नकाशावरच्या सगळ्या सीमा पुसून टाका आणि देशाचे तेरा सारखे भाग करा. तसे कोणी करणार नव्हते, हे त्यालाही ठाऊक असावे.

मधला मार्ग ११ जूनलाच पुढे आला होता. कनेटिकटचा रॉजर शर्मन तेव्हा ६६ वर्षांचा होता. चांभारकामापासून सुरुवात करून तो न्यायाधीश झालेला. खालच्या सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा आणि वरच्यात प्रत्येक राज्याला एक मत, असे त्याने सुचवले. वरच्या सभागृहाचा भाग त्या दिवशी पाच विरुद्ध सहा असा पडला. त्यानंतर महिनाभर उन्हाळ्याच्या उकाड्यात, गुप्ततेसाठी दारे बंद ठेवून, तोच वाद पुन्हापुन्हा झाला. पॅटरसनने १५ जूनला जुन्या पद्धतीचा, एका सभागृहाचा आणि समान मताचा प्रतिआराखडा दिला. चार दिवसांत तो फेटाळला गेला. २९ जूनला खालच्या सभागृहात प्रमाणशीर जागा नक्की झाल्या, आणि मग सगळी लढाई वरच्या सभागृहावर येऊन ठेपली.

३० जूनचा दिवस सगळ्यांत कडू गेला. डेलावेअरचा गनिंग बेडफर्ड मोठ्या राज्यांकडे वळून म्हणाला की माझा तुमच्यावर विश्वास नाही. तुम्ही संघ मोडलात तर लहान राज्यांचा हात धरणारी एखादी परकी सत्ता मिळेल, असेही तो बोलून गेला. इंग्लंडशी युद्ध संपून चारच वर्षे झाली होती, तेव्हा ह्या वाक्याने सभा हादरली असल्यास नवल नाही. ८१ वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिनने त्याच दिवशी सुताराचा दाखला दिला. रुंद मेज करताना दोन फळ्यांच्या कडा जुळत नसतील, तर चांगला कारागीर दोन्हींची थोडी थोडी कड तासतो.

२ जुलैला मतदान झाले ते पाच विरुद्ध पाच. ते असे का झाले, हे सांगायलाच हवे. मेरीलँडचे दोन प्रतिनिधी एरवी एकमेकांविरुद्ध मत देत आणि राज्याचे मत बाद होई. त्या सकाळी त्यांतला एक, डॅनियल जेनिफर, वेळेवर पोचला नाही. उरलेल्या ल्यूथर मार्टिनने मेरीलँडचे मत समानतेच्या बाजूने टाकले. जॉर्जियाचे दोन प्रतिनिधी काँग्रेसच्या कामासाठी न्यूयॉर्कला गेले होते. राहिलेल्या दोघांपैकी अब्राहम बाल्डविन हा मूळचा कनेटिकटचा. तोवर तो मोठ्या राज्यांबरोबर होता. ह्या वेळी त्याने बाजू बदलली आणि जॉर्जियाचे मत दुभंगले. लहान राज्ये उठून घरी जातील ह्या भीतीने त्याने तसे केले, असे मार्टिनने पुढे सांगितले. जेनिफर वेळेवर आला असता आणि बाल्डविन जागच्या जागी राहिला असता, तर प्रस्ताव त्याच दिवशी मेला असता.

कोंडी झाली, तेव्हा प्रत्येक राज्याचा एकेक माणूस घेऊन समिती नेमली गेली. माझ्या मते खरा निकाल तिथेच लागला, कारण समितीत कोण बसले ते पाहा. मॅडिसन नाही, विल्सन नाही. लहान राज्यांकडून मात्र पॅटरसन, बेडफर्ड, मार्टिन हे कडवे लोक आणि मोठ्यांकडून फ्रँकलिन, जॉर्ज मेसन, एल्ब्रिज गेरी ह्यांच्यासारखे तडजोडीला तयार असलेले. समितीने ५ जुलैला शर्मनचीच कल्पना परत आणली. मोठ्या राज्यांच्या समाधानासाठी एक गोष्ट जोडली : पैशाची विधेयके खालच्या सभागृहातच सुरू होतील आणि वरच्याला त्यांत बदल करता येणार नाही. मॅडिसनला ही भरपाई फुकाची वाटली. घटनेत शेवटी सिनेटला पैशाच्या विधेयकांत बदल सुचवण्याची मुभा मिळालीच, तेव्हा तो चुकला नव्हता.

पुढच्या दोन आठवड्यांत न्यूयॉर्कचे उरलेले दोन प्रतिनिधी परिषद सोडून गेले. जॉर्ज वॉशिंग्टनने १० जुलैला अलेक्झांडर हॅमिल्टनला पत्र लिहिले. त्यात ह्या कामातून काही निघेल ही आशा आपण जवळजवळ सोडली आहे, आणि ह्यात पडल्याचा पश्चात्ताप होतो, असे आहे. आणि मग १६ तारखेचे ते मतदान. कनेटिकट, न्यू जर्सी, डेलावेअर, मेरीलँड आणि नॉर्थ कॅरोलायना एकीकडे. पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया दुसरीकडे. नॉर्थ कॅरोलायना लहान राज्य मुळीच नव्हते. तिची लोकसंख्या पेनसिल्व्हेनियापेक्षा थोडीशीच कमी होती, आणि दोनच आठवड्यांपूर्वी तिने विरुद्ध मत दिले होते. पारडे फिरले ते तिच्यामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या राज्यांचे लोक वेगळे बसले. आपण आपले वेगळे पाऊल उचलावे का, ह्यावर बोलले, आणि काहीच न ठरवता उठले. तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या बैठकीत आहे. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. बरोबरी सोसून संघ ठेवायचा, किंवा बरोबरी नाकारून संघ गमवायचा. तेव्हाची राज्ये आपापल्या पायांवर उभी होती. नवी घटना स्वीकारायची की नाही, हे प्रत्येक राज्य स्वतःच्या अधिवेशनात ठरवणार होते. न येण्याचा हक्क ज्याच्या हातात असतो, त्याचा आकार लहान असला तरी त्याची किंमत मोठी असते.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. २३ जुलैला ठरले की सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन सदस्य असतील आणि ते राज्याचे म्हणून एक मत न देता आपापले मत देतील. जुन्या पद्धतीतला कणाच त्यामुळे मोडला, कारण एकाच राज्याचे दोघे परस्परविरुद्ध मत देऊ लागले तर ‘राज्याचा आवाज’ उरत नाही. ल्यूथर मार्टिनला हे लगेच खटकले. बाकीच्यांनी फारसा वाद न करता मान्य केले.

आणि शेवटच्या दिवसांत, १५ सप्टेंबरला, आणखी एक कडी लावली गेली : कोणत्याही राज्याचा सिनेटमधला समान हक्क त्याच्या संमतीशिवाय काढून घेता येणार नाही. राज्यघटनेत दुरुस्ती करायची सर्वसाधारण वाट ह्या एका कलमापुरती बंद करून ठेवली. त्याचे फळ लगेच दिसले. ७ डिसेंबर १७८७ रोजी राज्यघटना सर्वांत आधी स्वीकारली ती डेलावेअरने, आणि एकमताने. न्यू जर्सीनेही त्याच महिन्यात एकमताने होकार दिला. व्हर्जिनियात मात्र पुढच्या उन्हाळ्यात ८९ विरुद्ध ७९ असा घासून निर्णय झाला.

तुमच्या मुलीच्या राज्यापुरते एक सांगतो. पॅटरसनचे ते ‘लहान’ न्यू जर्सी २०२० च्या जनगणनेत ९२ लाख ८९ हजारांवर गेले आहे, आणि वायोमिंग ५ लाख ७७ हजारांवर आहे. म्हणजे आज त्या तडजोडीत तोटा न्यू जर्सीकरांचा आहे. १७८७ मध्ये समान हक्कासाठी झगडलेल्यांनी आपल्याच नातवंडांच्या नातवंडांविरुद्ध कलम लिहून ठेवले, आणि ते बदलायची सोयही ठेवली नाही. वाद त्या वेळचा, कुलूप कायमचे. ह्या तडजोडीतले मला सगळ्यांत न पटणारे तेच आहे.

प्रश्न : हा वाद मोठ्या-लहान राज्यांचा नव्हताच, खरा वाद गुलामगिरीचा होता, असे एका व्याख्यानात ऐकले. ते कितपत खरे?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : असे म्हणणारा पहिला माणूस खुद्द परिषदेत बसला होता. ३० जूनलाच मॅडिसन म्हणाला की राज्यांचे हितसंबंध आकाराने वेगळे होत नाहीत, गुलाम असण्या-नसण्याने होतात. तो स्वतः व्हर्जिनियाचा, गुलामांचा मालक. त्याच्या तोंडून आलेली ही कबुली मी फार महत्त्वाची मानतो.

दोन्ही वाद खरे होते, आणि एकमेकांत गुंतलेले होते. खालच्या सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, हे ठरवले की लगेच प्रश्न येतो : लोकसंख्या म्हणजे कोण? दक्षिणेतल्या राज्यांना गुलाम माणसे मोजायला हवी होती, कारण त्यांनी जागा वाढणार होत्या. त्या माणसांना मत मात्र कधीच मिळणार नव्हते. उत्तरेतल्या काहींनी विचारले की ती तुमची मालमत्ता असेल तर मोजता कशी, आणि माणसे असतील तर त्यांना मत का नाही? उत्तर कोणी दिले नाही. १७८३ साली करवाटपासाठी काढलेला एक जुना हिशोब उचलला गेला. पाच गुलामांमागे तीन माणसे धरायची.

ह्याचा परिणाम आकड्यांतच दिसतो. १७९० मध्ये व्हर्जिनियात सुमारे ४ लाख ५५ हजार स्वतंत्र माणसे होती आणि २ लाख ९२ हजारांहून अधिक गुलाम. पेनसिल्व्हेनियात स्वतंत्र माणसे सुमारे ४ लाख ३० हजार, गुलाम चार हजारांच्या आत. स्वतंत्र लोकसंख्या जवळपास सारखी. त्या जनगणनेवर जागा वाटल्या गेल्या, तेव्हा पेनसिल्व्हेनियाला १३ मिळाल्या आणि व्हर्जिनियाला १९. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मतदारमंडळाची संख्याही ह्याच जागांवर ठरत होती, म्हणून तिथेही व्हर्जिनियाचे वजन वाढले. ज्यांना विकत घेतले जात होते, त्यांच्या डोक्यांच्या आधारे त्यांच्याच मालकांची सत्ता वाढवली गेली. डेलावेअरच्या हक्कासाठी परिषद महिनाभर अडून राहिली. ह्या लाखो माणसांच्या बाजूने अडून बसणारे राज्य एकही नव्हते. ‘महान’ हे विशेषण लावताना हे विसरून चालणार नाही.

प्रश्न : महाराष्ट्राचे राज्यसभेत १९ खासदार, आमच्या गोव्याचा एकच. अमेरिकेसारखी समानता आपल्याकडे का आली नाही?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : कारण आपल्या प्रांतांच्या हातात ‘आम्ही येत नाही’ हे पान नव्हते. अमेरिकेत राज्ये आधी होती, संघ नंतर. आपल्याकडे राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाने राज्य निर्माण करण्याचा, तोडण्याचा, सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला दिला, तोही साध्या बहुमताने. राज्याचे मत विचारले जाते, पण ते बंधनकारक नसते. १९६० मध्ये मुंबई राज्याची दोन राज्ये झाली ती संसदेच्या कायद्याने. अशा व्यवस्थेत समान जागांसाठी अडून बसायचे कोणी, आणि कशाच्या जोरावर?

तरी लहानांसाठी थोडी झुकती बाजू ठेवली आहे. राज्यसभेच्या जागा ठरवताना पहिल्या ५० लाखांपर्यंत दर १० लाखांमागे एक आणि त्यापुढे दर २० लाखांमागे एक, असे सूत्र धरले गेले. १९५१ च्या जनगणनेप्रमाणे आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात ३ कोटी २० लाख लोक होते. पहिल्या ५० लाखांच्या ५ आणि उरलेल्या २ कोटी ७० लाखांच्या साडेतेरा, असे धरून १९ येतात. गोव्याची लोकसंख्या तेव्हा १० लाखही नव्हती.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख आणि गोवा १४ लाख ५८ हजार. म्हणजे सुमारे ७७ पट. कॅलिफोर्निया आणि वायोमिंगमधला फरक ६८ पटीच्या आसपास आहे, तेव्हा तुमची तुलना अगदी योग्य आहे. महाराष्ट्रात राज्यसभेच्या एका खासदारामागे ५९ लाख माणसे येतात, गोव्यात साडेचौदा लाख. एका गोंयकाराचे वजन तिथे एका महाराष्ट्रीयाच्या चौपट आहे. लोकसभेतही ४८ आणि २ ह्या जागांनी ते तिप्पट होते. तरीही एक म्हणजे एकच, हे खरे. मोठ्या शेजाऱ्यात विरघळून जाण्याची भीती गोव्याने ह्याहून तीव्रपणे अनुभवली आहे. १६ जानेवारी १९६७ च्या सार्वमतात महाराष्ट्रात विलीन व्हायचे नाही असा कौल सुमारे ३४ हजार मतांच्या फरकाने पडला, आणि म्हणून आज गोवा हे राज्य आहे. डेलावेअरच्या मनात काय होते ते समजून घ्यायला गोव्याच्या माणसाला पुस्तक लागू नये.

राज्यसभेची ताकदही सिनेटएवढी नाही. अर्थ विधेयक तिला १४ दिवसांच्या वर अडवता येत नाही, आणि संयुक्त बैठक झाली तर लोकसभेची संख्याच भारी पडते. त्यामुळे तिथे समान जागा मिळाल्या असत्या, तरी गोव्याच्या हाती वायोमिंगएवढे बळ आले नसते.

आपला खरा वाद आता लोकसभेचा आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या लोकसभेतल्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या, आणि ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या तमिळनाडू-केरळसारख्या राज्यांना वाटते की नव्या मोजणीने आपला आवाज घटेल. उत्तरेतल्या मतदारालाही विचारायचे आहे की माझे मत पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर का तोलता? पुन्हा एकदा पॅटरसन आणि विल्सन. दोघांचेही बरोबर आहे, आणि म्हणून लोकसभेच्या जागांबरोबर राज्यसभेचे सूत्रही त्याच वेळी उघडावे, असे मला मनापासून वाटते. एका सभागृहात माणसे मोजायची तर दुसऱ्यात राज्यांना आजच्यापेक्षा अधिक बरोबरी द्यावी.

हे करायचे तर घटनादुरुस्ती लागेल, आणि तिथे गोव्यासाठी एक जागा आहे जी फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. संसदेतल्या राज्यांच्या प्रतिनिधित्वाला हात घालणाऱ्या दुरुस्तीला ३६८ व्या कलमाप्रमाणे किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती घ्यावी लागते. तिथे लोकसंख्या कोणी विचारत नाही. पर्वरीतल्या ४० आमदारांच्या विधानसभेचा होकार आणि २८८ आमदारांची विधानसभा असलेल्या महाराष्ट्र विधिमंडळाचा होकार, दोन्ही एकेकच धरले जातात.